शाळेच्या वर्गात रेडॉन : डिस्ट्रिक्टचं पत्र आलंय, नेमकं काय विचारू?

पारिजातक

नमस्कार मंडळी. आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो, लेक किंडरगार्टनला आहे. परवा शाळेच्या डिस्ट्रिक्टकडून सगळ्या पालकांना ईमेल आली. इमारतीची रेडॉनची (जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू) चाचणी झाली, 'काही खोल्यांत' पातळी मर्यादेपेक्षा 'किंचित वर' आहे, घाबरण्याचं कारण नाही, योग्य ती पावलं उचलली जात आहेत. बस्स. खोली नंबर नाहीत, आकडे नाहीत, चाचणी कधी झाली तेही नाही. फोन केला तर "अहवाल अंतिम होतोय" एवढंच उत्तर.

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निम्मे लोक मुलांना घरी ठेवायच्या गोष्टी करतायत आणि निम्मे 'काही नसतं हो असलं' म्हणतायत. घर घेताना इन्स्पेक्शनमध्ये रेडॉनची एक ओळ होती, आकडा १.८, एजंट म्हणाली छान आहे, आम्ही सह्या केल्या. माझं ज्ञान तेवढंच. किंडरगार्टनचे सगळे वर्ग तळमजल्यावर, जुन्या भागात आहेत. इथे कोणी या कामातलं आहे का?

आणि एक. आपली रविवारची मराठी शाळा भरते तो हॉलही तळघरात आहे. तिथे कोणी कधी मोजलंय का, याची चौकशी केली तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

मुपो_एडिसन

+१. वाचतोय. आमच्याकडेही असंच गोलमाल पत्र आलं होतं. पुढे काय झालं ते देव जाणे.

कोल्हापुरी_ठसका

अमेरिकेत गेलं की माणसाला हवेचीसुद्धा भीती वाटायला लागते. आमची शाळा कौलारू, जमीन शेणाने सारवलेली, भिंतीला भोकं. दहावीपर्यंत जमिनीवर बसलो, काय झालं? सत्तरीतसुद्धा आमचे हेडमास्तर सायकलवर फिरत होते.

गुरुजी_निवृत्त

ठसकेबुवा, भिंतीला भोकं होती म्हणूनच काही झालं नाही. :) रेडॉन काही अमेरिकेने शोधून काढलेली पीडा नाही, तो जमिनीतून सगळीकडेच येतो. प्रश्न तो साठतो कुठे एवढाच आहे.

थोडं भौतिकशास्त्र, सवय जात नाही. खडकात, मातीत युरेनियम असतं. ते क्षय पावत पावत रेडियम-२२६ होतं आणि त्यातून रेडॉन-२२२ सुटतो. या साखळीत वायू असलेला हा एकटाच, त्यामुळे मातीच्या फटींतून वर येऊ शकतो. अर्धायुष्य ३.८ दिवस, म्हणजे फरशीखालून वर्गात पोचायला त्याला भरपूर वेळ मिळतो. वास नाही, रंग नाही. खरा त्रास त्याच्यापासून पुढे तयार होणाऱ्या पोलोनियम-२१८ आणि पोलोनियम-२१४ चा. ते घन असतात, धुळीच्या कणांना चिकटून फुप्फुसात बसतात आणि तिथे अल्फा कण सोडतात. अल्फा कण साध्या कागदाने अडतो, कातडीच्या वरच्या मृत थराने अडतो, पण श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराला तसलं चिलखत नाही. म्हणून परिणाम फुप्फुसाच्या कर्करोगाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच रेडॉनला माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं.

महाराष्ट्राचं विचाराल तर बराचसा भाग बेसॉल्टवर बसलाय आणि बेसॉल्टमध्ये ग्रॅनाइटच्या मानाने युरेनियम कमी. त्यात आपल्या शाळांच्या खिडक्या जून ते मे उघड्या. तेव्हा पुण्या-कोल्हापूरच्या पालकांनी आज रात्री झोप उडवून घेऊ नये. पण न्यू जर्सीतली जानेवारीतली बंद इमारत ही वेगळीच गोष्ट आहे.

नळीवाला

धागा बघून राहवलं नाही. मी पेनसिल्व्हेनिया-न्यू जर्सी पट्ट्यात रेडॉन कमी करायच्या यंत्रणा बसवण्याचं काम करतो, शाळाही केल्यात. जरा लांबण लागेल.

पारिजातकताई, तुमच्या राज्याचा वायव्य भाग रीडिंग प्रॉंग नावाच्या खडकांच्या पट्ट्यावर आहे. पेनसिल्व्हेनियातून निघून तो न्यू जर्सीतून न्यूयॉर्कपर्यंत जातो, त्यात युरेनियम बरंच. घरातला रेडॉन हा विषय अमेरिकेत गाजला तोच इथून. डिसेंबर १९८४ मध्ये लिमरिक अणुवीज केंद्रातल्या स्टॅनली वॉट्रास नावाच्या इंजिनिअरमुळे किरणोत्साराचा अलार्म वाजायला लागला, आणि गंमत म्हणजे तो कामावर शिरतानाही वाजायचा. शोध घेतला तर उगम त्याच्या घरात. लिटरमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी रेडॉन! दुरुस्ती करा असं अमेरिकेची पर्यावरण संस्था म्हणते तो आकडा आहे ४. दोन वर्षांत तुमच्याकडच्या क्लिंटन गावातही अशीच भयंकर घरं सापडली.

४ म्हणजे किती? एका लिटर हवेत दर मिनिटाला साधारण ९ अणू फुटतात. युरोपातल्या एककात १४८ बेकरेल प्रति घनमीटर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते शक्य तर १०० ठेवा आणि काही झालं तरी ३०० च्या वर जाऊ देऊ नका. ४ ही सुरक्षिततेची लक्ष्मणरेषा नव्हे. ३.९ वाल्या वर्गात सगळं आलबेल आणि ४.१ ला आकाश कोसळलं, असं काही नसतं. तेव्हा पत्रातलं 'किंचित वर' हे चार-साडेचारला म्हटलंय की अकराला, हे कळल्याशिवाय त्या शब्दांना काडीचा अर्थ नाही.

शाळा म्हणजे मोठं घर नव्हे. शाळेत शेजारशेजारच्या दोन खोल्यांत जमीन-अस्मानाचा फरक निघतो. एकीत १.१, भिंतीपलीकडे ६ च्या वर, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कारण जुन्या शाळा तुकड्यातुकड्यांनी वाढलेल्या असतात. १९५० च्या दशकातला मूळ भाग, साठच्या दशकातली पुरवणी, नव्वदच्या दशकातली लायब्ररी. प्रत्येक तुकड्याचा पाया वेगळा, फरशीखालची खडी वेगळी. काही जुन्या इमारतींत हीटिंगचे पाइप न्यायला फरशीखालून बोगदे काढलेले असतात, त्यात मातीतली हवा थेट भरते आणि पाइप जिथे वर्गात निघतो त्या भोकातून वर येते. म्हणूनच नियम असा की जमिनीला टेकलेल्या, किंवा तळघरावर असलेल्या, वापरातल्या प्रत्येक खोलीत वेगळं किट ठेवायचं. 'इमारतीची सरासरी' असं कोणी सांगायला लागलं तर सरळ थांबवा. मुलगी सरासरीत बसत नाही, एका ठरावीक वर्गात बसते.

सदाफुली

शेवटचं वाक्य +१००.

नळीवालादादा, चाचणी शनिवार-रविवारी केली तर चालते का? आमच्या शाळेत शुक्रवारी मुलं गेल्यावर डबे ठेवले आणि सोमवारी सकाळी उचलले. 'मुलांनी हात लावू नये म्हणून' असं कारण सांगितलं.

नळीवाला

नाही, आणि हाच मुद्दा शाळांमध्ये सगळ्यात जास्त घोळ घालतो.

शाळांची हवा-व्यवस्था वेळापत्रकावर चालते. संध्याकाळी बंद, शनिवार-रविवार बंद. ती बंद झाली की रेडॉन साठत जातो, सोमवारी सकाळी पंखे सुरू झाले की उतरतो. वीकेंडला मोजलं तर मुलं नसतानाची हवा मोजली जाते. उलटंही होतं. पंखे मुद्दाम पूर्ण वेगात ठेवून मोजलं तर आकडा गोंडस येतो. म्हणून चाचणी शाळा भरलेल्या आठवड्यात, हवा-व्यवस्था रोजच्यासारखी चालू असताना, बाहेरची दारं-खिडक्या येण्याजाण्यापुरत्याच उघडून, आणि शक्यतो थंडीच्या महिन्यांत करायची. किमान ४८ तास. बंद ठेवण्याचा नियम चाचणीच्या १२ तास आधीपासून लागू.

शिवाय काही खोल्यांत जोडीने दोन किट ठेवायची, आणि काही सीलबंद किट न वापरता तशीच लॅबला पाठवायची, म्हणजे लॅबची परीक्षा होते. अहवालात याचा उल्लेखच नसेल तर काम घाईत उरकलंय असं समजा. कोळशाच्या डब्या (हवेतला रेडॉन शोषून धरणारी किट) असतील तर उचलल्याबरोबर कुरियर झाल्या पाहिजेत. चार दिवस कोणाच्या टेबलावर पडल्या तर पकडलेला निम्मा रेडॉन तिथेच संपला.

बाराखडी_बाई

मी इथे एलिमेंटरीत शिकवते, राज्य सांगत नाही. नळीवाले जे हवा-व्यवस्थेचं म्हणतायत त्याची वर्गातली बाजू सांगते.

आमच्या जुन्या वर्गांत खिडकीखाली लांबलचक लोखंडी पेटी असते, युनिट व्हेंटिलेटर. ती बाहेरची हवा आत घेते, तापवते आणि वर्गात सोडते. आता प्रत्यक्षात काय होतं? वर्गात जागा नसते, त्यामुळे त्या पेटीच्या जाळीवर पुस्तकांच्या टोपल्या, मुलांचे प्रोजेक्ट, वाळत घातलेली पेंटिंगं. पुढे गालिचा आणि बीनबॅग, त्यामुळे खालची जाळीही बंद. थंडीत गार झोत येतो म्हणून कोणीतरी कस्टोडियनला (शाळेची देखभाल करणाऱ्याला) सांगून बाहेरच्या हवेची झडप बंद करवतं. इंधन वाचतं म्हणून वरूनही कोणी हरकत घेत नाही. आवाज फार होतो म्हणून काही शिक्षिका पंखाच बंद करतात, मीही त्यातली होते. म्हणजे कागदावर ताजी हवा येते, वर्गात तीच हवा फिरते.

पत्र आल्यावर आमच्या युनियनने पहिली मागणी केली ती या पेट्या तपासायची. अर्ध्याअधिक झडपा गंजून बसलेल्या निघाल्या.

आणि पालकहो, तुमचं मूल त्या खोलीत एक वर्ष असतं. मी त्याच खोलीत बारावं वर्ष काढतेय. शिक्षकांचा विचार कोणी करत नाही म्हणून लिहिलं.

गुरुजी_निवृत्त

बाई, अगदी योग्य. मी जरा आकडेमोड केली. शाळेचे १८० दिवस, दिवसाला साडेसहा तास, म्हणजे १,१७० तास. वर्षात ८,७६० तास असतात. मूल वर्षाचा जेमतेम १३ टक्के वेळ वर्गात असतं, आणि झोपेसकट बराच मोठा वेळ घरात. तेव्हा शाळेला धारेवर धरणाऱ्या प्रत्येक पालकाने आधी स्वतःच्या घराचा आकडा सांगावा. घर घेताना मोजलेला नाही, हल्लीचा.

पारिजातक

गुरुजी, पटलं. घरासाठी किट मागवलंय. खालचा मजला आम्ही मध्यंतरी फिनिश करून घेतला आणि आता दोघंही ऑफिसचं काम तिथेच करतो, तेव्हा १.८ वर विसंबण्यात अर्थ नाही.

लहान मुलांना धोका जास्त असतो का, हे कोणी सांगेल?

गुरुजी_निवृत्त

मुलांना मोठ्यांपेक्षा रेडॉनचा धोका जास्त असतो असा ठोस पुरावा नाही, असंच अमेरिकेची पर्यावरण संस्था म्हणते. परिणाम एका वर्षाचा नसतो, आयुष्यभराची बेरीज असते, आणि मुलांपुढे बेरीज व्हायला आयुष्य लांब पडलंय. त्याच संस्थेचा अंदाज असा की अमेरिकेत वर्षाला सुमारे २१,००० मृत्यू रेडॉनमुळे झालेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाने होतात. आयुष्यभर ४ च्या हवेत राहिलेल्या १,००० धूम्रपान करणाऱ्यांपैकी साधारण ६२ जणांना हा कर्करोग होऊ शकतो, कधीच न ओढणाऱ्या १,००० मध्ये ७ जणांना. तंबाखू आणि रेडॉन एकमेकांना साथ देतात. तेव्हा लेकीला उद्या घरी ठेवायची गरज नाही. आणि तिचे बाबा गॅरेजमध्ये जाऊन सिगरेट ओढत असतील तर ते आधी बंद करायला लावा.

कोल्हापुरी_ठसका

हे बाबांवर का घसरले एकदम? :)

बरं, बेरजेचं पटलं. पण मग सरकारचा कायदा नाही का? एवढं आहे तर सगळ्या शाळांना सक्ती का नाही?

आयोवाकर

सगळ्या देशाला लागू असा सक्तीचा कायदा नाही, राज्याराज्यांवर सोडलंय. आमचं आयोवा म्हणजे रेडॉनचं आगर, पर्यावरण संस्थेच्या नकाशात राज्यातल्या सगळ्या काउंट्या लाल, म्हणजे सर्वाधिक धोक्याच्या. हिमनद्यांनी आणून टाकलेली माती, त्यात सहा महिने बंद घरं. तरी शाळांना सक्ती व्हायला २०२२ उजाडलं. त्या कायद्याप्रमाणे प्रत्येक सार्वजनिक शाळेची चाचणी १ जुलै २०२७ च्या आत व्हायला हवी आणि नंतर किमान दर पाच वर्षांनी. त्याआधी बऱ्याच डिस्ट्रिक्टचं धोरण 'मोजलं नाही की सापडत नाही' असंच होतं. कडू आहे पण खरं आहे.

संस्थेने फार पूर्वी देशभर पाहणी करून अंदाज दिला होता की जवळजवळ पाचांतल्या एका शाळेत निदान एक तरी खोली ४ च्या वर आहे, आणि अशा खोल्या ७०,००० हून जास्त. ही माहिती नव्वदीच्या सुरुवातीची आहे! कोणाला माहीत नव्हतं असं नाही.

मुपो_एडिसन

न्यू जर्सीत सार्वजनिक शाळांना दर पाच वर्षांनी चाचणीचा नियम आहे, पाळणाघरांनाही आहे. पाळणाघरात निकाल दर्शनी भागात लावतात, आमच्या धाकट्याच्या इथे दारातच लावलाय. सर्वाधिक धोक्याच्या गावांत नवीन शाळा बांधताना रेडॉनची सोय आधीच करावी लागते. पण जुन्या इमारतींचं काय, ते बघायला आपणच.

पारिजातक, "अहवाल अंतिम होतोय" वर थांबू नका. ओप्राखाली (न्यू जर्सीचा माहिती अधिकाराचा कायदा) अर्ज टाका, डिस्ट्रिक्टच्या साइटवर फॉर्म असतो. कामकाजाच्या सात दिवसांत उत्तर द्यावं लागतं. 'लॅबचा मूळ अहवाल, खोलीनिहाय' असंच लिहा. सारांश मागितलात तर सारांशच मिळेल.

लिफीकाठची

डब्लिनहून. आयर्लंडने १९९८ पासून पुढच्या काही वर्षांत देशभरच्या शाळांमध्ये मोजणी केली. प्राथमिक, माध्यमिक, खेड्यातल्या दोन-खोली शाळासुद्धा. शाळांसाठी इथे मर्यादा २०० बेकरेल. अमेरिकेपेक्षा आकडा सैल आहे, पण मोजलं सगळीकडे! तुमच्यासारखं पत्रांचं कोडं सोडवत बसावं लागलं नाही. देश लहान असण्याचे फायदे.

पारिजातक

अपडेट. ओप्रा लागू पडला, लॅबचा अहवाल हातात आला. मुपो_एडिसन, तुम्हाला मोदक!

चार खोल्या ४ च्या वर. सगळ्यात जास्त ७.२, ती नेमकी किंडरगार्टनच्या दोन वर्गांमधली, म्युझिक रूम. लेकीचा वर्ग ४.४, त्याच्या समोरचा १.३. चाचणी मंगळवार ते शुक्रवार, म्हणजे दिवस बरोबर. मात्र जोडीच्या किटचा उल्लेख कुठेही नाही.

बोर्डाच्या मीटिंगला गेलो. तिथे फॅसिलिटीजचे साहेब म्हणाले की दुसरी मोजणी यंत्राने तासातासाची केली, शाळा चालू असतानाच्या वेळात आकडा २ च्या आसपास आहे, त्यामुळे काही करायची गरज नाही. हे बरोबर आहे का? टोलवतायत का?

नळीवाला

टोलवतायत असं लगेच म्हणणार नाही. तासातासाचं मोजणं ही रीतसर पद्धत आहे आणि मुलं असतानाची हवा महत्त्वाची, हेही खरं. पण तो २ आकडा पूर्णपणे पंख्यांच्या भरवशावर आहे. बाराखडीबाईंनी लिहिलं तसं एक झडप बसली, एक पट्टा तुटला, पुढच्या वर्षी कोणी वेळापत्रक दोन तासांनी उशिरा केलं, की ४.४ परत. म्हणून विचारायचं ते असं : हवा-व्यवस्था हाच उपाय धरलाय का? तसं असेल तर लेखी द्या. झडप किती उघडी, पंखा किती वाजता सुरू, ते कोण तपासणार, आणि थंडीत परत कधी मोजणार. यावर उत्तर आलं तर ठीक. 'आमच्या लोकांना माहीत आहे' असं आलं तर समजून घ्या.

७.२ च्या खोलीला मात्र मी असल्या उपायावर सोडणार नाही. तिथे फरशीखालची हवाच ओढून घ्यायला हवी. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन असतो तोच प्रकार, फक्त तो फरशीच्या खालची हवा खेचतो. काँक्रीटला भोक पाडायचं, पीव्हीसी पाइप घालायचा, छतावर नेऊन पंखा लावायचा. पंखा वर्गात किंवा माळ्यावरच्या वापरातल्या जागेत नाही, बाहेर. म्हणजे पाइप कुठे गळला तरी आतला भाग ओढीखाली राहतो.

आधी चाचणी-भोक पाडून व्हॅक्यूम लावायचा आणि लांबच्या बारीक भोकांवर ओढ पोचते का ते मायक्रोमॅनोमीटरने (हवेच्या दाबातला बारीक फरक मोजणारं यंत्र) बघायचं. मधे भिंतीचा पाया आला की ओढ तिथेच थांबते, मग दुसरं भोक. हे न करता कोणी सरळ 'एक पाइप, एक पंखा' असं कोटेशन दिलं तर त्याला घरांचा अनुभव आहे, शाळांचा नाही. अजून एक : जुन्या वर्गांत नऊ इंची टाइल असतील तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता दाट. शाळेकडे अ‍ॅस्बेस्टॉसची फाइल असतेच, ड्रिल लावायच्या आधी ती उघडायला सांगा. रेडॉन घालवायला जाऊन दुसरंच काही उडवायचं नाही.

काम झाल्यावर पाइपवर इंग्रजी यू आकाराची छोटी नळी बसवतात, रंगीत पाणी असलेली. दोन्ही बाजूंची पातळी वेगवेगळी असेल तर पंखा ओढतोय. दोन्ही सारख्या म्हणजे ओढच नाही. लोकांना उलटं वाटतं, सारख्या दिसल्या की बरं वाटतं! कस्टोडियनला हे शिकवून ठेवा. आणि पंखा बसल्यावर नवा आकडा मागा.

बाराखडी_बाई

म्युझिक रूमच्या शिक्षिकेला कोणी सांगितलंय का?

पारिजातक

नव्हतं सांगितलं, बाई. त्यांना अहवाल मीच दाखवला. त्यांनी तिथल्या तिथे युनियनला फोन लावला आणि मग मीटिंगमध्ये त्यांच्या प्रतिनिधी बोलल्यावर बोर्डाचा सूर बदलला. आमच्या तीन मिनिटांच्या भाषणाने काही झालं नव्हतं. म्युझिकचा तास आता कॅफेटेरियात, कंत्राटदाराची पाहणी पुढच्या महिन्यात. हवा-व्यवस्थेचं लेखी अजून नाही.

आता मराठी शाळा. हॉलवाले तयार आहेत, पण तिथला हीटर आणि पंखा फक्त कार्यक्रम असला की लावतात. मग मोजायचं कसं, चालू ठेवून की बंद?

नळीवाला

दोन्ही कळेल. माझ्याकडे तासातासाचं यंत्र आहे, कॅलिब्रेशन ताजं आहे. शनिवारी सकाळी ठेवतो, सोमवारी उचलतो. रविवारी शाळा भरली की पंखा लावल्यावर आकडा किती पडतो तेही दिसेल. फक्त शुक्रवार रात्रीपासून हॉल बंद राहिला पाहिजे. किल्ली कोणाकडे?

मुपो_एडिसन

ढोलपथकाकडे. शुक्रवारी रात्री दहापर्यंत प्रॅक्टिस असते आणि घामाघूम होतात म्हणून पार्किंगकडची दोन्ही दारं सताड उघडी टाकून वाजवतात.

नळीवाला

दहाला दारं लावून घ्यायला सांगा, मग मी शनिवारी सकाळी दहानंतर येतो. बारा तास होतात.

पारिजातक

सांगते. पथकप्रमुखांना विपू (विचारपुशीत निरोप) केलीय.